वाचकांचे प्रश्न : प्राचीन वास्तूंच्या छायाचित्रांत आलेली माणसे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे जवळजवळ एकाच विषयाची होती. सहलींचा हंगाम नुकताच सरला असल्यामुळे ते साहजिकच म्हणायचे. ती चारही पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्रातला प्रश्न मुळाशी जाणारा असल्यामुळे त्याचे उत्तर अधिक विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : डिसेंबरात आम्ही बदामी, ऐहोळे आणि पट्टदकल अशी सहल केली. मुद्दाम चांगला कॅमेरा सोबत नेला होता; परंतु शाळांच्या सहली आणि सेल्फी काढणारी मंडळी यांच्यामुळे एकही वास्तू मोकळी सापडली नाही. आमच्या परिचयातले एक ज्येष्ठ छायाचित्रकार सांगतात, की प्राचीन स्थळाच्या चित्रात माणूस आला की चित्र बिघडलेच. हे कितपत खरे मानावे?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपल्या परिचितांचे म्हणणे एका प्रकारच्या छायाचित्राला तंतोतंत लागू पडते. एखाद्या मंदिराची भिंत, तिच्यावरचे थर, कोनाडे, जाळ्या यांची अभ्यासासाठी नोंद करायची असेल, तर मध्ये उभा असलेला माणूस तेवढा भाग झाकतो आणि नोंद तेवढी अपुरी राहते. आपण मात्र डोंगर, तळे, आकाश आणि त्यांच्या कुशीतली वास्तू असे समग्र दृश्य टिपायला गेला होता, आणि तेथे हा नियम टिकत नाही.

अशा दृश्यात पाहणाऱ्याच्या डोळ्याला मापच मिळत नाही, ही खरी अडचण असते. आजच्या घराच्या चित्रात दार, खिडकी, विजेचा खांब असे काहीतरी ओळखीच्या आकाराचे असते. जुन्या मंदिराचे दार मात्र चार फुटांचे असू शकते किंवा चौदा फुटांचेही. ज्याची उंची सगळ्यांना न सांगता कळते असा माणूस तेवढा तेथे हाताशी असतो. विजापूरचा गोल घुमट घ्या. इमारतीची उंची सुमारे ५१ मीटर आणि माणसाची साधारण १.६५ मीटर, म्हणजे पायथ्याशी उभा असलेला माणूस इमारतीच्या एकतिसाव्या हिश्शाएवढा दिसणार. छापील चित्रात घुमट नऊ इंच उंच आला, तर हा माणूस जेमतेम सात मिलिमीटरचा येईल. एवढ्याशा ठिपक्यामुळे काय बिघडणार? उलट तो ठिपका बोटाने झाकून पाहिला, तर समोरची इमारत एखाद्या मध्यम आकाराच्या दर्ग्याएवढीसुद्धा वाटू शकते.

माणसामुळे वास्तू नेहमी मोठीच दिसते असेही नाही, आणि ही गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. बदामीच्या पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज पुस्तकांतून आणि पोस्टकार्डांवरून पाहिलेल्या बहुतेकांना तो दोन पुरुष उंचीचा असावा असे वाटत असते. प्रत्यक्षात ती मूर्ती सुमारे पाच फुटांची आहे. शेजारी थबकून हात मोजणारा एखादा पोरगा चौकटीत आला, की शिल्पकाराने केवढ्याशा जागेत अठरा हात आणि प्रत्येकाची वेगळी मुद्रा बसवली आहे ते एकदम ध्यानात येते. तेथे त्या पोराला बाजूला व्हायला सांगणे मी तरी करणार नाही.

चित्रात माणूस मुद्दाम उभा करण्याची चाल छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८४९ ते १८५१ या काळात मॅक्सिम द्यु कां हा फ्रेंच गृहस्थ इजिप्तमधली मंदिरे टिपत हिंडत होता, तेव्हा माप कळावे म्हणून तो आपल्या नावेवरच्या हाजी इस्माईल या खलाशाला प्रचंड पुतळ्यांवर चढवून बसवत असे. त्या काळी चित्र उमटेपर्यंत माणसाने बराच वेळ अजिबात हलता कामा नये, म्हणून द्यु कांने त्याला भिंगाची पितळी नळी ही तोफ असून हललास तर उडेल, अशी थाप मारली होती, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. (आजच्या पर्यटकाला अशी थाप मारून पाहू नये.) आपल्या भागात १८५५ च्या सुमारास मुंबई सरकारच्या वतीने थॉमस बिग्ज या लष्करी अधिकाऱ्याने विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे कागदी निगेटिव्हवर घेतली, पुढे जेम्स बर्जेस यांनी बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांची पाहणी करून १८७४ साली अहवाल प्रसिद्ध केला. अशा जुन्या चित्रांत जेथे माणसे आहेत, तेथे त्यांचे पागोटे, धोतर, काठी यांवरून त्या जागेचा तेव्हाचा वापर समजतो, आणि अभ्यासकाला पुष्कळदा शिल्पापेक्षा त्याचेच अप्रूप वाटते. आज आपल्याला नकोसा वाटणारा पाठीवरच्या पिशवीचा आणि मोबाइलचा पर्यटक पन्नास वर्षांनी तेच काम करील.

तेव्हा माणूस असावा की नसावा, हा वाद सोडून कोणता, किती आणि कोठे हे ठरवावे. माणूस कॅमेऱ्याजवळ असला तर तो वास्तूला खुजी करतो आणि मापही चुकीचे देतो. तो वास्तूच्या पायाशी, तिच्या पातळीवर असला पाहिजे. त्याचे डोके खांबाच्या किंवा जोत्याच्या रेषेत मिसळू नये. चालताना दोन्ही पाय वेगळे दिसत असतील तो क्षण धरावा, नाहीतर दुरून त्याचा नुसता खुंट दिसतो. एकटादुकटा किंवा तिघांचा मोकळा घोळका चालतो. दहा जण एकमेकांना चिकटून उभे राहिले, की त्यांचा एक रंगीत ढीग होतो आणि मापाचा उपयोग संपतो. वास्तूकडे पाहणारा माणूस आपल्या नजरेलाही वास्तूकडे नेतो. कॅमेऱ्याकडे पाहणारा ती स्वतःवर ओढून घेतो.

ऐहोळेच्या दुर्ग मंदिराशी हे सारे फार चांगले शिकता येते. मागून अर्धगोल असलेल्या या मंदिराच्या भोवती खांबांची ओवरी आहे आणि येणारे जवळजवळ सगळे तीतून प्रदक्षिणा घालतात. बाहेर हिरवळीवर, मागच्या गोलाईच्या बाजूला उभे राहून चौकट आधी पक्की करावी आणि मग फक्त वाट पाहावी. माणूस खांबाआड जातो, दोन खांबांमधल्या उजेडाच्या पट्टीत येतो, पुन्हा नाहीसा होतो. त्या पट्टीत पाऊल पडताना बटण दाबायचे, एवढेच काम. शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, १/२५० सेकंद ठेवले तर चाल गोठते. भिंगाचे छिद्र (ॲपर्चर) एफ/८ ते एफ/११ ठेवल्यास माणूस आणि दगड दोन्ही स्पष्ट येतात.

रंगाचेही पाहावे लागते. बदामीचा वालुकाश्म तांबूस असल्यामुळे त्याच्यापुढे लाल कपडे विरघळतात, उन्हातला पांढरा शर्ट डोळ्यात खुपतो, आणि निळा किंवा गडद हिरवा नेमका उठून दिसतो. इलकल आणि गुळेदगुड्ड ही दोन्ही गावे त्याच परिसरात असल्यामुळे तिकडच्या बायकांच्या अंगावर इरकली लुगडे आणि खणाची चोळी अजून सहज दिसते, आणि तांबड्या दगडापुढे हिरव्या किंवा निळ्या इरकलीइतके शोभणारे दुसरे काही शोधून सापडणार नाही. शाळेच्या सहलीच्या एकसारख्या पिवळ्या टोप्यांना मात्र माझ्याकडे उतारा नाही. बस निघेपर्यंत चहा घ्यावा.

उजेड कधी चांगला आणि गर्दी कधी कमी, या दोहोंचा मेळ प्रत्येक ठिकाणी वेगळा बसतो. बदामीच्या चार लेण्यांची तोंडे उत्तरेकडे असल्यामुळे हिवाळ्यात तेथे सरळ ऊन जवळपास येतच नाही. म्हणून कोवळ्या उन्हासाठी पहाटे धावपळ करण्यात अर्थ नाही, ढगाळ दुपारसुद्धा चालते. याउलट बदामीच्याच अगस्त्य तीर्थ या तळ्याच्या पूर्व काठावरची भूतनाथ मंदिरे पश्चिमाभिमुख आहेत आणि संध्याकाळी मावळतीचे ऊन थेट त्यांच्यावर पडते. त्या वेळी तेथे गर्दी असतेच. पण पलीकडच्या काठावरून, तळे मध्ये घेऊन चित्र काढले, तर घाटाच्या पायऱ्यांवर बसलेली माणसे तिळाएवढी होतात आणि पाण्यात त्यांची प्रतिबिंबेसुद्धा येतात. पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर पूर्वाभिमुख आहे, म्हणून त्याच्या दर्शनी बाजूसाठी सकाळच हवी. चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याची राणी लोकमहादेवी हिने आठव्या शतकात बांधवलेल्या या मंदिरात आजही पूजा चालते, आणि आपल्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगवलेली मलप्रभा त्याच्या पुढून वाहते. तेव्हा नंदीपुढे हात जोडून उभा असलेला माणूस त्या दृश्यात उपरा कसा म्हणावा?

शाकंभरी नवरात्रात, म्हणजे पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत, बदामीला जाणार असाल, तर बनशंकरीच्या जत्रेची सगळी गर्दी गृहीत धरूनच जावे. तेव्हा मोकळ्या चौकटीचा हट्ट धरण्यापेक्षा जत्राच टिपावी.

प्रश्न : मोबाइलमध्ये आता बोट फिरवले की माणूस पुसला जातो. ही सोय वापरायला काय हरकत आहे? फिल्टर लावून दीर्घ एक्स्पोजर दिले तर माणसे आपोआप नाहीशी होतात, असेही वाचले. ते जमण्याजोगे आहे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : दुसऱ्या भागापासून सुरुवात करू. दीर्घ एक्स्पोजरने, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवल्याने, माणसे नाहीशी होतात हे खरे असून त्याचा दाखला छायाचित्रणाच्या जन्मापासूनचा आहे. १८३८ साली छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसच्या एका वाहत्या रस्त्याचे जे चित्र घेतले, त्यात एक्स्पोजर काही मिनिटांचे असल्यामुळे गाड्याघोडे आणि पादचारी सगळे विरून गेले. स्पष्ट उमटला तो कडेला थांबून बुटांना पॉलिश करून घेणारा एक गृहस्थ. चालणारा पुसला जातो आणि थांबणारा राहतो, हे सूत्र आजही तेच आहे.

आता आपल्याकडच्या उन्हाचा हिशेब पाहा. भर दुपारी आयएसओ (उजेडाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १०० आणि छिद्र एफ/१६ असताना एक्स्पोजर सुमारे १/१०० सेकंद येते. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी गडद काच; दर स्टॉपला उजेड निम्मा होतो) ते साधारण हजारपट वाढवतो, म्हणजे दहा सेकंद. सेल्फीसाठी उभा राहिलेला पर्यटक दहा सेकंदांत हलतो, असा अनुभव कोणाला असेल तर त्याने जरूर कळवावे. शिवाय त्यासाठी ट्रायपॉड लागतो, आणि केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतल्या स्मारकांत ट्रायपॉड वापरायला आगाऊ परवानगी घ्यावी लागते. परवानगी नसताना कोरीव जोत्यावर किंवा मूर्तीच्या आधाराने कॅमेरा टेकवणे हे तर करूच नये.

त्यापेक्षा सोपा उपाय आहे. चौकट न बदलता वीस-तीस सेकंदांच्या अंतराने दहा-पंधरा चित्रे घ्यावीत आणि घरी संगणकावर ती एकावर एक बसवून मध्यक काढणारी पद्धत वापरावी. प्रत्येक बिंदूला सगळ्या चित्रांतले मधले मूल्य घेतले जाते. त्यामुळे जी जागा निम्म्याहून अधिक चित्रांत मोकळी आहे, तेथे आपोआप दगडच उरतो. हातात धरून घेतलेली चित्रेसुद्धा, फार हललेली नसतील तर, सॉफ्टवेअर जुळवून घेते. एखादा माणूस पूर्ण वेळ एकाच पायरीवर बसून राहिला, तर तो मात्र राहणारच.

मोबाइलच्या पुसणीबद्दल माझे मत जरा कडक आहे. वरच्या पद्धतीत माणसामागे जे दिसते ते खरोखर तेथे असलेले असते, कारण ते दुसऱ्या चित्रातून आलेले असते. पुसणीत मात्र माणसामागे काय होते हे यंत्राला ठाऊक नसते. आजूबाजूचे पाहून ते रचून देते. मागे आकाश, गवत किंवा तळ्याचे पाणी असेल तर बिघडत नाही. मागे कोरीव खांब असेल, तर यंत्र कधीच नसलेली वेलबुट्टी कोरून मोकळे होते, आणि ती इतकी बेमालूम असते की पाहणाऱ्याला शंकाही येत नाही. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचे उदाहरण घ्या. १२०४ साली रट्ट घराण्याच्या राजवटीत उभ्या राहिलेल्या त्या जैन मंदिराच्या मुखमंडपातले छतावरचे कमळ पाकळ्या-पाकळ्यांनी कोरलेले आहे. खालून वर हात करून ते दाखवणाऱ्या माणसाचा हात पुसायला गेलात, तर पाकळ्यांची संख्या बदलेल, आणि जैन भाविकांच्या दृष्टीने त्या संख्येला अर्थ आहे. घरच्या अल्बमात काय करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण असे चित्र स्थळाची ओळख म्हणून कोठे छापायला दिले, तर ती बनावट नोंद होते. (किल्ल्याचा परिसर लष्कराच्या ताब्यात आहे, मंदिराबाहेर कॅमेरा काढण्यापूर्वी विचारून घेतलेले बरे.)

एवढा खटाटोप करण्याआधी दोन पावले बाजूला सरकून पाहावे. पुष्कळदा खांबच माणसाला झाकून टाकतो.

प्रश्न : हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात गावातल्या काही बायका दर्शनाला आल्या होत्या. मी घेतलेले चित्र सुरेख आले आहे, पण त्यांना विचारले नव्हते. ते प्रसिद्ध करावे का? कायदा काय सांगतो?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : सार्वजनिक जागी छायाचित्र घेण्यावर आपल्याकडे सरसकट बंदी नाही. मात्र २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला आहे, आणि ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे चित्र जाहिरातीसाठी तिच्या संमतीवाचून वापरणे तर अडचणीत आणणारेच आहे. कायद्यापेक्षा रीत महत्त्वाची मानावी असे मला वाटते. कदंबांच्या या जुन्या राजधानीत आपण पाहुणे असतो. त्या बायका मात्र आपल्या गावच्या देवाला आलेल्या असतात, त्यांना पर्यटक समजू नये. दोन गाभारे समोरासमोर असलेल्या त्या मंडपात एकाकडून दुसऱ्याकडे वळणारी पाठमोरी आकृती, चेहरा अंधारात आणि पदराची कड तेवढी उजेडात, अशी असेल तर मी ते चित्र निःशंकपणे देईन. चेहरे स्पष्ट असतील तर हलशी काही लांब नाही. चित्राची एक प्रत घेऊन जावे, दाखवावी आणि विचारावे. नाही म्हणाल्या तर विषय संपला. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्याशिवाय काहीच प्रसिद्ध करू नये.

पुढच्या वेळी आधीच विचारायचे असेल तर आपल्या भागात मराठीने भागते, सौंदत्ती, हुली किंवा बदामीकडे गेल्यावर "ओंदु फोटो तेगीलेन्री?" एवढे आले तरी पुरते. विचारल्यावर माणसे सावरून, ताठ उभी राहतात आणि सहजपणा जातो, ही तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय असा, की आधी ते ताठ चित्र घ्यावे, दाखवावे, दोन शब्द बोलावे आणि तेथेच रेंगाळावे. थोड्या वेळाने ती आपापल्या कामाला लागतात, आणि तोवर परवानगीही मिळालेली असते.

प्रश्न : कित्तूरजवळच्या देगावच्या कमलनारायण मंदिराचे चित्र एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पाठवायचे आहे. कोपऱ्यात एक पर्यटक अर्धवट आला आहे. त्याला पुसून पाठवले तर चालेल का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, चिकोडी

उत्तर : स्पर्धेचा विभाग कोणता आहे त्यावर ते अवलंबून आहे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका, म्हणजे पीएसए, हिच्या व्याख्येप्रमाणे प्रवासछायाचित्रांच्या विभागात चित्रातली कोणतीही गोष्ट वाढवणे, हलवणे, बदलणे किंवा पुसणे चालत नाही. कडा कापण्याची तेवढी मुभा असते. मुक्त रंगीत विभागात हे बंधन नाही. निसर्ग विभागात मात्र हे चित्र पाठवू नका, कारण तेथे मानवनिर्मित गोष्टींना जवळपास थारा नसतो आणि मंदिर तर पूर्णपणे मानवनिर्मित आहे.

आपला पर्यटक कोपऱ्यातच असल्यामुळे कड कापून काम भागेल असे दिसते. कापल्यावर मंडपाची लांबी तोकडी वाटू लागली, तर प्रवेशिकेची मुदत पाहून पुन्हा देगावला जावे आणि बाराव्या शतकातल्या त्या बसक्या, लांबट मंडपाच्या कठड्याशी एक पुरता माणूस येईपर्यंत थांबावे. अर्ध्या माणसापेक्षा तो केव्हाही बरा. मूळ फाइल मात्र जपून ठेवावी, कारण निवड झाल्यावर संयोजक ती मागू शकतात.